मैदान, मंच आणि लेखणी: पालवणकरांपासून ‘झुंड’पर्यंत

एप्रिल १९५८ मध्ये पॉल रोबसन साठ वर्षांचे झाले. त्यांच्या देशाने त्यांचा पासपोर्ट तेव्हा आठ वर्षे अडवून ठेवला होता. भारतात मात्र त्यांच्या वाढदिवसासाठी समिती नेमली गेली होती आणि तिचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांच्याकडे होते. नेहरूंनी गौरवाचे निवेदन काढले. अमेरिकी राजदूताला हे रुचले नाही, आणि त्याने ते लपवलेही नाही.

ज्यांच्यासाठी हा राजनैतिक रुसवाफुगवा चालला होता ते रोबसन मुळात एका कॉलेजचे फुटबॉलपटू. पुढे नट, गायक, वक्ते आणि शेवटी लेखक. तसा माणूस महाराष्ट्रात झाला का, हा प्रश्न मराठीत अधूनमधून विचारला जातो. प्रश्न नेमका असा: ज्या समाजाला मैदानाच्या दारातच अडवले जात होते, त्यातला एखादा खेळाडू आत शिरला, नाव कमावले, तर पुढे त्याची गोष्ट कोण सांगतो? तो स्वतः, की त्याच्यावर पुस्तक लिहिणारा, चित्रपट काढणारा दुसरा कोणी? नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून या चर्चेचा आढावा घेताना एक गोष्ट लवकर लक्षात येते. रोबसन यांच्यात जे एका देहात एकवटले होते, ते आपल्याकडे वेगवेगळ्या माणसांत आणि वेगवेगळ्या काळांत विखुरले गेले. वादही या विखुरण्याभोवतीच फिरतात.

रोबसन यांचा मापदंड

तुलना करायची तर आधी ज्याच्याशी करायची तो माणूस नीट पाहावा लागतो. रोबसन १९१५ मध्ये न्यू जर्सीतल्या रटगर्स कॉलेजात दाखल झाले. त्या कॉलेजच्या इतिहासातले ते तिसरे कृष्णवर्णीय विद्यार्थी. फुटबॉलच्या निवड चाचणीत त्यांच्याच होणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यांचे नाक फोडले. पुढच्या वर्षी दक्षिणेकडच्या एका कॉलेजने काळ्या खेळाडूविरुद्ध खेळायला नकार दिला, तेव्हा रटगर्सने सामना रद्द केला नाही, रोबसन यांना बाहेर बसवले. १९१७ आणि १९१८ अशी दोन वर्षे ते देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या यादीत होते. १९१९ मध्ये पदवी घेताना वर्गाच्या वतीने निरोपाचे भाषण त्यांनीच केले.

त्यानंतर कोलंबियातून कायद्याची पदवी, तिचा खर्च भागवण्यासाठी थोडे व्यावसायिक फुटबॉल, आणि मग रंगभूमी. लंडनमध्ये १९३० साली त्यांनी ऑथेल्लो केला. ब्रॉडवेवरचा त्यांचा ऑथेल्लो १९४३ ला सुरू झाला आणि २९६ प्रयोग चालला. चित्रपटांनी त्यांना पैसा दिला आणि मनस्तापही. ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या १९३५ च्या चित्रपटाने साम्राज्यशाहीची तळी उचलल्याचे पाहून त्यांनी त्याच्याशी असलेले आपले नाते नाकारले, आणि १९४२ नंतर हॉलिवूडचाच नाद सोडला. राजकीय मतांमुळे १९५० मध्ये पासपोर्ट गेला. त्याच सुमारास निघालेल्या एका फुटबॉल संदर्भग्रंथात १९१८ च्या मानाच्या संघात अकराऐवजी दहाच नावे छापली गेली. गाळलेले नाव कोणाचे, हे वेगळे सांगायला नको. १९५८ मध्ये त्यांनी ‘हिअर आय स्टँड’ हे पुस्तक लिहिले. मोठ्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली नाही. कॉलेज फुटबॉलच्या सन्मान दालनात त्यांचे नाव लागले १९९५ साली, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी.

रोबसन यांच्यावरही वाद आहेत, आणि ते मिटलेले नाहीत. सोव्हिएत रशियातल्या दडपशाहीबद्दल ते गप्प का राहिले, हा त्यातला सर्वांत अवघड. मार्टिन डुबरमन यांनी लिहिलेले मोठे चरित्र त्या गप्पपणाला बगल देत नाही. नंतरचे अभ्यासक, विशेषतः जेराल्ड हॉर्न, त्यांच्याकडे वसाहतवादविरोधी जागतिक चळवळीतले नेते म्हणून पाहतात. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की खेळाडू रोबसन यांना पुसायला निघालेल्यांना लेखक रोबसन आडवे आले. पुस्तक दुर्लक्षिले गेले तरी ते होते.

अमेरिकेत ही वाट पुढे रुंदावली. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये मोठ्या लीगच्या बेसबॉलमध्ये शिरले आणि तीनच वर्षांत स्वतःवरच्या चित्रपटात स्वतःचीच भूमिका करून मोकळे झाले. कॉलेजात त्यांच्यासोबत फुटबॉल खेळलेले वुडी स्ट्रोड ‘स्पार्टाकस’मध्ये दिसले आणि म्हातारपणी त्यांनी आत्मचरित्र लिहिले. यातले सगळेच उत्तम नट नव्हते. पण पडद्यावर आपला चेहरा आपणच न्यायचा, ही सवय तिथे लागली.

पालवणकरांचे घर

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात पुण्यात होते. पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातले, जातीने चांभार; वडील लष्करात नोकरीला. थोरला बाळू, जन्म १८७६ चा. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे या कामावर महिना तीन रुपयांवर तो लागला. तिथून गोऱ्यांच्या पूना क्लबात. जे. जी. ग्रेग या नावाजलेल्या फलंदाजाला सराव हवा असायचा आणि बाळू त्याला तासन्‌तास गोलंदाजी करायचे. बाद केलेस तर दर खेपेला आठ आणे, असा ग्रेगचा करार होता अशी आख्यायिका आहे. डावखुऱ्या फिरकीचे शिक्षण त्यांनी असे कमावले. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची आणि घाम गड्याचा, ही वाटणी क्रिकेटमध्ये पहिल्यापासून होती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा गोलंदाज अस्पृश्य होता. क्लबात भरपूर खल झाला. शेवटी बाळूंना घेतले, पण मैदानावर सगळ्यांच्या बरोबरीने आणि चहाच्या वेळी बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणही वेगळे. पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळताना हे नियम सैल होत गेले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, आणि पुढच्या वर्षी २३८ धावांनी. सुधारकी नियतकालिकांनी १९०६ च्या विजयाचे श्रेय जातीची भिंत ओलांडण्याच्या धैर्याला दिले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. धाकटा भाऊ शिवराम त्याच संघात होता. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे भाऊही पहिल्या दर्जाचे क्रिकेट खेळले.

हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र बाळूंना मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातून वगळले गेले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध करून आपली नावे मागे घेतली. वर्तमानपत्रांत आणि सभांत गदारोळ झाला. बाळू उपकर्णधार म्हणून परत आले, आणि कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघ त्यांनी हाताळला. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम संघांची चौरंगी स्पर्धा जिंकून आले. रटगर्सचा बाकडा आणि पुण्याची चहाची भांडी यांत वीसेक वर्षांचे आणि दोन महासागरांचे अंतर आहे. चाल तीच: सामना जिंकायला माणूस हवा, आणि माणूस नको.

बाळूंकडे कसे पाहायचे

या घराण्याकडे पाहणाऱ्यांत पहिला मोठा पंथ आहे तो इतिहासकार रामचंद्र गुहा यांचा. ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) या पुस्तकाने बाळूंना विस्मृतीतून बाहेर काढले, यावर दुमत नाही. गुहांच्या मते मैदानावरच्या गुणवत्तेने जातिव्यवस्थेच्या भिंतीला खिंड पाडली. ती खिंड लहान होती, तरी तिचा राजकीय परिणाम मोठा झाला. १९२० च्या दशकात अस्पृश्यतेवर चाललेल्या चर्चेत पालवणकर बंधू हे जिवंत उदाहरण होते. तरुण आंबेडकरांनाही बाळूंबद्दल अभिमान होता.

या मांडणीला उत्तर देणारे म्हणतात की खिंडीतून चौघे भाऊ गेले आणि ती मागे बुजली. त्यांच्या हाती असलेला पुरावा पुढच्या काळातला आहे. २०१८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त गौरव भवनानी आणि शुभम जैन यांनी हिशेब मांडला: पुरुषांच्या कसोटी संघातून तोवर खेळलेल्या २९० खेळाडूंपैकी दलित फक्त चार. या आकड्यावर आक्षेपही आले. क्रिकेट मंडळ खेळाडूंची जात नोंदवत नाही, त्यामुळे कोणतीही मोजणी आडनावे आणि सार्वजनिक माहिती यांवर उभी राहते. आक्षेप योग्य आहे. पण मोजणी कच्ची आहे म्हणून प्रश्न कच्चा ठरत नाही. आकडा चारऐवजी आठ निघाला तरी चित्र फार बदलणार नाही. काही जण आर्थिक कारणे पुढे करतात. क्रिकेट महाग, शहरी, इंग्रजी शाळांच्या मैदानांवर वाढलेले. म्हणून जात दिसते ती खरे तर पैशाची सावली. दुसरा पक्ष विचारतो की मग हॉकी, कुस्ती, कबड्डी यांत चित्र वेगळे का, आणि भारतात पैसा आणि जात यांची फारकत केव्हा झाली.

सर्वांत नाजूक वाद राजकारणाचा आहे. पुणे कराराच्या वेळी बाळू, मद्रासचे अस्पृश्य नेते एम. सी. राजा यांच्यासह, संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला उभे राहिले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. या पराभवाची किंमत स्मृतीत मोजावी लागली असे मानायला जागा आहे. आंबेडकरी चळवळीच्या फलकांवर, जयंतीच्या पोस्टरांवर बाळू दिसत नाहीत. एक बाजू म्हणते की त्यांना वापरून घेतले गेले. मैदानावर ज्यांनी वापरले त्यांनीच मतपेटीतही वापरले. दुसरी म्हणते की हा त्यांच्या शहाणपणाचा अपमान आहे. गांधींच्या वाटेने अस्पृश्यता जाईल असे प्रामाणिकपणे मानणारे अनेक अस्पृश्य नेते तेव्हा होते, आणि साहेबांच्या क्लबात व हिंदू जिमखान्यात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाला त्या वाटेवर विश्वास वाटला तर त्यात नवल नाही. चांभार आणि महार समाजांच्या तेव्हाच्या राजकीय वाटा वेगळ्या होत्या, हेही यात येते. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. पण बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवले असते तर आपल्याला असा कल धरावा लागला नसता.

विठ्ठलांचे पुस्तक

लिहिले ते विठ्ठलांनी. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्यांचे मराठी आत्मकथन १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. गुहांच्या संशोधनाला आधार मिळाला तो याच पुस्तकाचा. म्हणजे आज जगभर पोहोचलेली पालवणकरांची गोष्ट आधी मराठीत, त्या घरातल्याच एकाने लिहिली होती, आणि मराठी वाचकाला ती परत मिळाली ती इंग्रजीतून.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. दलित आत्मकथनांचा इतिहास सहसा तिथून मोजला जातो. कोकणातल्याच चांभार समाजातून आलेले माधव कोंडविलकर यांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ पुढच्याच वर्षीचे. विठ्ठलांचे पुस्तक या दोन्हींहून तीस वर्षांनी आधीचे असूनही त्या इतिहासात सहसा मोजले जात नाही. का? एक उत्तर साहित्यशास्त्राचे आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दलित साहित्याचा कणा म्हणून जी जाणीव सांगितली, ती विद्रोहाची आहे. खेळाडूचे आत्मवृत्त या चौकटीत बसवणे अवघड, कारण ते संघाबद्दल आणि सामन्यांबद्दल लिहिते. दुसरे उत्तर असे की ती चौकटच थोडी सैल करायला हवी. बहिष्कृत माणसाने आपल्या कर्तबगारीचा हिशेब लिहिणे हीदेखील जाणीवच आहे. रोबसन यांचे पुस्तक उघडउघड राजकीय, तर विठ्ठलांचे क्रीडाजीवनाचे, म्हणून एकाला लेखक म्हणायचे आणि दुसऱ्याला नुसता खेळाडू, हे न्यायाचे वाटत नाही. उलट बाजूही खरी आहे: लेखनावरून लेखक ठरतो, जन्मावरून नाही, आणि विठ्ठलांना त्या रांगेत नेऊन बसवण्याआधी ते पुस्तक त्याच्या गुणांवर वाचले जायला हवे. मराठी क्रीडासाहित्याकडे समीक्षेने एकंदरीतच पाठ फिरवली आहे. त्याची झळ या पुस्तकालाही लागली.

पडद्यावर: कचरा आणि नागपूरची पोरं

बाळूंचा दूरचा पडसाद हिंदी पडद्यावर पहिल्यांदा ऐकू आला तो ‘लगान’मध्ये (२००१). कचरा हा अस्पृश्य फिरकी गोलंदाज गावच्या संघात येतो, विरोध होतो, नायक भाषण करतो, विरोध मावळतो. अनेकांना हे दृश्य हेलावून गेले. लेखक-प्रकाशक एस. आनंद यांनी मात्र त्यावर कडक टीका केली. त्यांचा मुद्दा असा: कचऱ्याची फिरकी ही त्याच्या अधू हाताची देणगी दाखवली आहे, सरावाने कमावलेली विद्या नाही. बाळूंनी ग्रेगला टाकलेल्या हजारो चेंडूंचा घाम त्यात कुठेच नाही. शिवाय कचरा बोलत नाही. त्याच्या वतीने दुसराच बोलतो. चित्रपटाच्या बाजूने असे म्हटले जाते की १८९३ च्या काल्पनिक खेड्यात त्याला बोलका दाखवणे खोटे वाटले असते, आणि करोडो प्रेक्षकांसमोर हा प्रश्न आणणेच मोठे होते. आनंद यांचे म्हणणे मला अधिक पटते, जरी त्यांनी चित्रपटाच्या सगळ्याच गोष्टी एका तागडीत तोलल्या असल्या तरी.

मग नागपूर. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी पावसात पोरांना फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिले, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभे राहिले, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. २००१ पासूनच्या त्यांच्या कामातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था वाढली आणि नागपूरच्या वस्त्यांतले खेळाडू बेघरांच्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेले. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट (४ मार्च २०२२) त्यावर आधारलेला.

‘झुंड’वरची चर्चा दोन ठिकाणी अडखळते. एक, बारसे यांच्यावर बेतलेल्या भूमिकेतले अमिताभ बच्चन. वस्तीच्या गोष्टीत तारणहार बाहेरून का आणावा लागतो, हा प्रश्न चित्रपट आल्या दिवसापासून विचारला गेला. याला दिलेले उत्तर साधे आहे: त्या ताऱ्याशिवाय तीन तासांचा हा चित्रपट देशभर लागलाच नसता. अधिक विचारी उत्तर चित्रपटाच्या उत्तरार्धात आहे. तिथे तारणहाराचे काही चालत नाही. अंकुश ऊर्फ डॉनवरची पोलिस केस, आदिवासी मुलीच्या बापाची ओळखीच्या कागदांसाठीची वणवण, हे सगळे मैदानाबाहेरचे आहे. पासपोर्ट हाच शेवटचा अडसर ठरावा, हा रोबसन यांच्या चरित्राशी जुळणारा योगायोग आहे, आणि योगायोगापेक्षा थोडा जास्तही. दुसरे ठिकाण म्हणजे वस्तीतली आंबेडकर जयंती. मुख्य धारेच्या हिंदी चित्रपटात इतक्या सहजपणे, डीजे आणि निळ्या झेंड्यांसकट ती याआधी आली नव्हती, याबद्दल टीकाकारही फारसे वाद घालत नाहीत.

आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे म्हणजे कलाकार. मंजुळेंनी नागपूरच्या वस्त्यांतली पोरे निवडली. त्यांची भाषा तशीच ठेवली, ती नागपुरी हिंदी जिला मुंबईचे लेखक नेहमी विनोदासाठीच वापरतात. डॉनची भूमिका करणाऱ्या अंकुश गेडाम यांना पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. मंजुळे यांनी हे आधीही केले होते: ‘सैराट’चा नायक आकाश ठोसर करमाळ्याकडचा, कुस्ती खेळणारा. आणि स्वतः मंजुळे कवी आहेत, नट आहेत, दिग्दर्शक आहेत. रोबसन यांच्या जवळ जाणारा मराठी माणूस शोधायचा तर कदाचित मैदानाऐवजी इथे शोधावा लागेल. नागपूरचेच वीरा साथीदार हेही त्या वाटेवरचे. ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक, चळवळीतले गायक-कार्यकर्ते, आणि ‘कोर्ट’ चित्रपटातले लोकशाहीर नारायण कांबळे. २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. खेळ त्यांच्या चरित्रात नव्हता. पण आपल्या माणसाची भूमिका आपणच करायची, ती बोलायची आणि लिहायचीही, हे त्यांनी दाखवले.

‘झुंड’ने एक कायदेशीर प्रश्नही उभा केला. बारसे यांच्या संघातले खेळाडू अखिलेश पॉल यांच्या जीवनकथेचे हक्क आपण घेतले होते, असा दावा हैदराबादच्या एका चित्रपटकाराने केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायाचा तो भाग इथे बाजूला ठेवू. मैदानावर घडलेल्या आयुष्याची मालकी कागदावर बांधता येते का, आणि खेळाडूने ती विकली तर पुढे त्याला स्वतःची गोष्ट सांगता येते का, हे विचारणे मात्र त्या दाव्यामुळे भाग पडले.

तुलना कुठवर

काळा अमेरिकी खेळाडू आणि दलित भारतीय खेळाडू एका वाक्यात आणायला हरकत घेणारे लोक आहेत, आणि ते सगळे प्रतिगामी नाहीत. ऑलिव्हर कॉक्स या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्येच वंश आणि जात यांची गल्लत करू नका असे बजावले होते. आपल्याकडे समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई यांनीही असाच इशारा दिला. रंग लपत नाही, जात लपवता येते. रंगाला धर्माची मान्यता तशी नाही, जातीला आहे. दुसऱ्या बाजूला जोतीराव फुल्यांपासूनची परंपरा आहे. ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी गुलामीविरुद्ध लढलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ चे दलित पँथर नावापासूनच उघड ऋण मान्य करते. म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय साहित्य मराठी वाचकांपुढे आणले.

खेळाच्या बाबतीत मात्र मला वाटते तुलना एका मुद्द्यावर कमी पडते, आणि तो मुद्दा जातीचा किंवा रंगाचा नाही, कॉलेजचा आहे. रोबसन, रॉबिन्सन, स्ट्रोड हे सगळे कॉलेजातून आले. अमेरिकेत कॉलेजचे मैदान हेच राष्ट्रीय मैदान होते; तिथेच वर्ग, गायनमंडळ आणि वादसभा होत्या. बाळूंच्या वाट्याला कॉलेज आले नाही. त्यांचे विद्यापीठ म्हणजे पूना क्लबची जाळी. नागपूरच्या पोरांना कॉलेज दिसले ते भिंतीच्या पलीकडून, चित्रपटात तर अक्षरशः.

तालुक्याच्या मैदानावर

भिवापूरकडे याच अंगाने पाहायला हवे. मिरचीसाठी नाव असलेला हा तालुका उमरेडच्या पुढे, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांना लागून आहे. नागपूरची वाट आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची वाट इथे जवळ येतात. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत मंडई भरते, रात्ररात्र नाटके चालतात. त्याच थंडीत गावोगावी कबड्डीचे सामने होतात, बक्षिसे लागतात. खेळ आणि नाट्य यांचे वेड असलेला प्रदेश नट-खेळाडू घडवू शकेल, असे कागदावर वाटते.

प्रत्यक्षात तालुक्याच्या कॉलेजातला खेळाडू विद्यापीठाचा कलर होल्डर झाला तरी त्याचे ध्येय बहुतेक वेळा पोलिस भरती असते. सकाळी सोळाशे मीटर, मग शंभर मीटर, मग गोळाफेक, मुलींसाठी आठशे. राज्याच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून प्रमाणपत्राला किंमत. यात काही वाईट नाही. घर चालवण्यासाठी धावणाऱ्या पोराला ऑथेल्लोचे स्वप्न का पडत नाही, असे विचारणे हा नागपूर-मुंबईच्या लेखकांचा छंद आहे. तरीही एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. कॉलेजात क्रीडा विभाग एकीकडे आणि गॅदरिंग, युवक महोत्सव दुसरीकडे. दोन्हींत तोच मुलगा असला तरी त्याला एक निवडायला सांगितले जाते. सरावाची वेळ आणि तालमीची वेळ एकच असते. रोबसन यांना हे कोणी निवडायला लावले नव्हते, जरी रटगर्सच्या गायनमंडळाने त्यांना दौऱ्यावर नेले नाही.

न सुटलेले

आकड्यांचा प्रश्न लवकर सुटणार नाही. संघटना जात नोंदवत नाहीत, आणि नोंदवावी की नाही यावर खेळाडूंचेही एकमत नाही. दक्षिण आफ्रिकेने वंशानुसार उद्दिष्टे ठरवली, त्याचा फायदा किती आणि कुणाला यावर तिथे अजून वाद आहे. ते धोरण आपल्याकडे तसेच आणू पाहणारे आणि ते झिडकारणारे, दोघेही त्या अनुभवाचा सोयीचा अर्धा भाग उचलतात.

मुलींबद्दल लिहायला साहित्य फारच थोडे आहे. ‘झुंड’मध्ये मुली आहेत, ‘स्लम सॉकर’मध्येही आहेत, पण पालवणकरांपासून मंजुळेंपर्यंतच्या या चर्चेतल्या जवळजवळ सगळ्या भूमिका पुरुषांनी पुरुषांबद्दल घेतल्या आहेत. विदर्भातल्या एखाद्या दलित वा आदिवासी महिला खेळाडूने मराठीत आत्मकथन लिहिले तर वर मांडलेले बरेचसे मुद्दे नव्याने तपासावे लागतील.

चित्रपटानंतर नटांचे काय, हाही प्रश्न आहे. वस्तीतून निवडलेल्या मुलांना एक चित्रपट मिळतो, क्वचित दुसरा. उद्योग त्यांना वस्तीचेच काम देत राहतो. यावर उपाय नाट्यप्रशिक्षणात आहे असे काही जण म्हणतात, तर काहींना वाटते की प्रशिक्षणाने त्यांची भाषाच धुतली जाईल. मंजुळेंच्या कामात दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो.

आणि बाळू. त्यांच्यावर हिंदी चित्रपट येत असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या. दिग्दर्शक म्हणून तिग्मांशू धुलिया आणि बाळूंच्या भूमिकेत अजय देवगण यांची नावे होती. तो होईल तेव्हा होईल. त्याआधी कुणी विठ्ठलांचे १९४८ चे पुस्तक प्रस्तावना आणि टिपांसह मराठीत पुन्हा छापले, तर चित्रपट पाहून आलेल्याला निदान ताडून पाहायला काहीतरी हातात असेल.